सतरा नंबरचा ईसीजी

"एक मिनट. आपका पूरा नाम क्या है?"

माणूस उघड्या छातीनं ट्रेडमिलजवळ उभा होता. माझ्या एका हातात स्पिरिटचा बोळा, दुसऱ्या हातात चिकटवायचे इलेक्ट्रोड. एक लावून झाला होता, नऊ उरले होते. मी पूर्ण नाव सांगितलं.

"महाराष्ट्रियन? कौन-से वाले?"

मी दुसऱ्या इलेक्ट्रोडचा कागद सोलला. त्याची नजर टेबलावरच्या माझ्या मोबाइलवर गेली. कव्हरवर निळं चक्र चिकटवलेलं होतं. त्याला उत्तर मिळालं. "अच्छा," म्हणाला. मग माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "डॉक्टर साहब, किसी और को भेज दीजिए. इनसे नहीं."

सर आले. आमच्या लॅबचे प्रमुख, हृदयाचे डॉक्टर. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. हसले. मला म्हणाले, "तुम मशीन पर बैठो."

त्या माणसानं मी लावलेला इलेक्ट्रोड उपटून काढला. नवा बोळा मागून घेतला आणि ती जागा पुसली. दोनदा पुसली. मी मशीनमागं जाऊन बसले. माझ्या हाताचा विटाळ होता, पण डोळे चालत होते. त्याच्या हृदयाची रेघ वाचायला मीच.

जयपूरच्या मालवीय नगरातली एक खाजगी संस्था. व्यायामानं हृदयात काय बदल होतो, तो बदल पळणाऱ्याला किती पुढं नेतो, यावर तिथं संशोधन चालायचं. मी टेक्निशियन. ईसीजी काढायचा, ट्रेडमिलवर पळवायचं, तोंडाला मास्क लावून श्वास मोजायचा. आमच्याकडं दोन जातींची माणसं यायची. मी जात हाच शब्द वापरणार. एक, पैसेवाल्यांच्या रनिंग क्लबचे मेंबर. त्यांना सर समोर बसवून रिपोर्ट समजावून सांगायचे. दुसरे, सब्जेक्ट. वस्त्यांमधली, भरतीची तयारी करणारी, अनवाणी सराव करून टाच फोडून घेतलेली पोरं-पोरी. त्यांना नंबर मिळायचा, एक टी-शर्ट आणि दोन केळी. रिपोर्ट नाही. सरांचा नियमच होता. "इन लोगों को काग़ज़ दोगे, तो कल पूरा मोहल्ला लाइन में खड़ा मिलेगा."

तर त्या दिवशीची रेघ. प्रत्येक ठोक्यानंतर कागदावर एक छोटी टेकडी वर यायला हवी. त्या माणसाची टेकडी उलटी होती, खाली गेलेली. एका जागी नाही, चार-पाच जागी. मी सरांना दाखवली. सर गंभीर झाले. दौड थांबवली. स्वतः फोन करून त्याच दुपारी त्याला टू-डी इकोला पाठवलं. हृदयाचा स्नायू जाड झालेला असला तर धावताना माणूस जागच्या जागी जातो, म्हणून. इको केला. त्याचं हृदय ठणठणीत निघालं. पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये पेढे आले. मलाही दिला, कागदाच्या तुकड्यावर ठेवून. मी खाल्ला. हेही लिहिते.

घरी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगण्याचं शिक्षणच होतं. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. पप्पा फौजेत होते. शेवटची बदली जयपूरला झाली, रिटायर झाले आणि इथंच राहिले. का राहिले, ते एकदा बोलून गेले होते. "गावाकडं आडनाव सांगितलं की मानूस दोन पावलं मागं सरतो. इथं आपलं आडनाव कुनाला कळत न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची." घरमालकाला 'महाराष्ट्रियन' एवढंच सांगितलेलं. फोटो आतल्या खोलीत. बुद्धवंदना दार लावून, हळू आवाजात. आम्हाला वाटायचं, आपण सुटलो. खरं तर आम्ही फक्त मूठ आवळून जगत होतो, आणि आवळून आवळून माझा हात बधिर झाला होता.

सुजाता तशी नव्हती. माझी धाकटी बहीण, एकवीस वर्षांची. माझ्या मोबाइलवर ते चक्र तिनंच चिकटवलं होतं. जयपुरात वाढलेली, मराठी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत. दहा हजार मीटर पळायची. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली की पप्पांची वॉचमनची ड्युटी बंद करायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पप्पांना विचारलंही नव्हतं.

सरांना लांब पल्ल्याच्या मुली हव्या होत्या. मिळत नव्हत्या. "तुम्हारी बहन दौड़ती है ना? ले आओ." मी घेऊन आले. कुणी ओढून नेली नाही तिला. मीच आणली.

सतरा नंबर. इलेक्ट्रोड मीच लावले. तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसत होती, रेघ हलत होती. "सुजे, गप झोप," मी ओरडले. ती गप झोपली. रेघ स्थिर झाली. आणि मला दिसलं. टेकडी उलटी. चार-पाच जागी. तीन आठवड्यांपूर्वी पाहिलेला कागद जणू पुन्हा मशीनमधून बाहेर येत होता.

मी कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"दौड़ने वालों में हो जाता है," सर म्हणाले. "फ़ाइल में लगा दो."

"सर, उन साहब का भी ऐसा ही था. उनका इको..."

"वो मेंबर हैं. ये सब्जेक्ट है." मग मान वर न करता म्हणाले, "तुम्हारा काम चिपकाना है, पढ़ना नहीं."

मी बाहेर आले. पंचिंग मशीननं कागदाला दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला.

सुजाता बुटाची लेस बांधत होती. "ताई, मतलब माझा हार्ट चांगला आहे ना?"

"मस्त आहे," मी म्हणाले.

दोन शब्द. मी रोज ते ऐकते. सर डॉक्टर आहेत, त्यांना जास्त कळतं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं. मला पुन्हा त्या केबिनमध्ये जाऊन माझी जागा ऐकून घ्यायची नव्हती. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढून मी तिला इकोला नेऊ शकले असते. अर्धा दिवस गेला असता. नेलं नाही. तिची दहा किलोमीटरची शर्यत तोंडावर आली होती, ती नाराज झाली असती, हेही एक निमित्त. निमित्तांना काय तोटा.

शर्यत टोंक रोडवर होती, चाकसूच्या अलीकडं. फेब्रुवारीतली सकाळ, थंडी होती. मी शेवटच्या रेषेजवळ तिचा स्वेटर घेऊन उभी होते. पहिल्या मुली आल्या. मग मधल्या आल्या. मग पोट सुटलेले हौशी लोक सेल्फी काढत आले. मी स्वेटर झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडला. अँब्युलन्स उलट्या दिशेनं गेली तेव्हाही मला वाटलं, कुणाचा तरी पाय मुरगळला असेल.

सुजाता सातव्या किलोमीटरच्या आसपास पडली होती. ठेच लागली नाही, कुणाचा धक्का लागला नाही. पळता पळता पडली.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बाहेर आली. पप्पांनी फौजेतल्यासारखे हात बाजूला घट्ट धरून ऐकून घेतलं. डॉक्टरनं आईला विचारलं, "पहले कभी ईसीजी हुआ था इनका?"

"नहीं डॉक्टरजी. मेरी लड़की को तो कभी बुख़ार भी नहीं आया."

मी फरशीकडं बघत राहिले. सुजाताचा स्वेटर माझ्याच हातात होता आणि मी तेव्हाही बोलले नाही. पोस्टमॉर्टेममध्ये लिहून आलं. हृदयाचा स्नायू जाड झालेला.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. सरांनी खुर्ची दिली. पहिल्यांदा. चहा मागवला. "बहुत बुरा हुआ, बेटा," म्हणाले. मग संशोधनाचा तक्ता माझ्याकडं सरकवला. पेपर पाठवायची घाई होती. सगळ्यांचे रकाने भरले होते, सतरा नंबरचा शेवटचा रकाना रिकामा होता. "इसमें लिख दो, आगे संपर्क नहीं हो पाया."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"सर, संपर्क?" मी म्हणाले. "मैं उसके साथ एक थाली में खाती थी."

"फ़ॉर्मेट है. सबका ऐसे ही लिखते हैं."

सबका. म्हणजे आधीचेही. किती जणांशी 'संपर्क' झाला नव्हता, कुणास ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी लहानपणापासून खात आले, पण तोंड दाबणारा हात माझाच होता हे त्या खुर्चीत बसून मला कळलं. रडू आलं नाही. 

"नहीं लिखूँगी."

मी पेन घेतलं. सतरा खोडलं. तिथं लिहिलं, सुजाता. आडनावासकट लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, मृत्यू. ईसीजी में ख़राबी यहीं दिखी थी. बताया नहीं गया. खाली माझी सही केली. सर उभे राहिले, नोकरीचं काहीतरी बोलले, चहा सांडला. मी कपाट उघडलं. तिचा कागद आणि त्या साहेबाचा कागद, दोन्हींचे फोटो काढले. त्याच दिवशी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडं लेखी तक्रार दिली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती.

"तुला ठाव होतं?"

"हो."

"तू तिला काय सांगितलंस?"

मी सांगितलं. आईनं उरलेले मटार सोलले, ताट उचललं आणि आत गेली. त्याला दोन महिने झाले. ती मला वाढते, माझे कपडे वाळत घालते, माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं अशी माझी मागणीही नाही. पप्पा म्हणाले, "पोरगी तर गेली. आता कशाला नाव बाहेर काढायचं?" मी म्हणाले, "पप्पा, मी काढणार." ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

संस्थेनं मला घरी बसवलंय. मी बसलेली नाही. सब्जेक्टच्या यादीतली जेवढी पोरं-पोरी आठवतात, त्यांची घरं शोधत फिरते. राजा पार्कमागच्या एका खोलीत परवा नऊ नंबर सापडली, भांडी घासत होती. धडधाकट आहे. तिला म्हटलं, तुझा कागद तुझा आहे, चल मागायला. ती हात पुसून निघाली. आतापर्यंत सहा जणांनी लेखी मागणी केली आहे.

सोमवारी अकरा वाजता कमिटीपुढं सुनावणी आहे. ज्याच्याकडं सल्ला मागायला गेले तो वकील म्हणाला, स्वतःबद्दल जास्त बोलू नका, तुमच्यावरच उलटेल. उलटू दे. कुणी पहिला प्रश्न विचारायच्या आत मी सांगणार आहे. ईसीजी मी काढला, मी वाचला, मी फाइलला लावला आणि बहिणीला खोटं सांगितलं. हे सगळं लिहून घ्या म्हणणार आहे. माझं झालं की मग सरांनी उभं राहायचं.