पहिले तीन फर्मे

आमच्या दारावर अजूनही लोक येतात आणि विचारतात, "खुलासेकाकांचं ते पुस्तक आहे का हो?" कोणतं ते, असं मी विचारलं की म्हणतात, "तेच, देव नाही म्हणणाऱ्याला काय सांगायचं ते." जणू मी वाणसामानाचं दुकान मांडून बसलेय आणि पुडी बांधून हातात ठेवायचीय. सगळी पुस्तकं चर्चला देऊन टाकली, पाळकसाहेबांना विचारा, असं सांगते आणि दार लावून घेते. म्हातारी फटकळ आहे म्हणत असतील. आहेच मुळी! त्या माणसाशी संसार करून बघा म्हणावं, मग बोला.

खुलासेकाका म्हणजे आमचे हे. हे नाव चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी ठेवलेलं. धंद्याने बाइंडर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही, आणि दोन्हीकडे सरसाचा वास. लग्न होऊन आले तेव्हा तो वास डोक्यात जायचा, नंतर नंतर बाहेरच्या मोकळ्या हवेत गेलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

तरुण होते तेव्हा एका गिऱ्हाइकाने, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने, भर दुकानात ह्यांना विचारलं, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला असं तुम्ही शहाणीसवरती माणसं कसं काय मानता? ह्यांना उत्तर सुचलं नाही. तो माणूस हसत हसत आपल्या वह्या घेऊन गेला. हे मात्र त्या रात्री जेवणाच्या ताटावरून उठले. मी म्हटलं, "अहो, तो गेला घरी, सुखाने जेवला असेल. तुम्ही कशाला उपाशी?" पण ह्यांच्या मनात ते जे रुतलं ते रुतलंच.

त्या दिवसापासून वाचायला लागले. चर्चच्या कपाटातली जुनी पुस्तकं दुरुस्तीला आमच्याकडेच यायची. पाठ निघालेली, पानं सुटलेली. ती उसवायची, फर्मे सुटे करायचे आणि पुन्हा शिवायची. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या सोळा पानांचा एक गठ्ठा. असे गठ्ठे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. आमचे हे उसवता उसवता वाचायचे. एक फर्मा सुटला की सुई बाजूला, चष्मा नाकावर, आणि गिऱ्हाईक बसलंय ताटकळत. कधी कधी मला वाटायचं, सरळ हातातलं पुस्तक चुलीत घालावं.

मग उपासना संपली की चर्चच्या मागच्या बाजूला टेबल मांडून बसायला लागले. कोणाला काय शंका आहे ते आधी नीट ऐकून घ्यायचे आणि मगच पुस्तक सुचवायचे. विज्ञान शिकणाऱ्या पोराला एक. कामावरचे साहेब धर्मावरून टोमणे मारतात म्हणणाऱ्याला दुसरंच, कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसं लिहिलेलं. लोक पुस्तकं न्यायचे आणि महिन्याने परत आणून म्हणायचे, "फार छान आहे हो." ह्यांनी एखादा प्रश्न टाकला की त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. एकानेही पान उलटलेलं नाही!

तेव्हा ह्यांनी आपली ती पद्धत काढली. अख्खं पुस्तक द्यायचंच नाही. एक फर्मा द्यायचा. वाचून या, मला सांगा, मग पुढचा न्या. सगळे झाले की हेच ते शिवून, कापडी बांधणी करून, त्या माणसाला कायमचं देऊन टाकायचे. आणि मागे लागायचं नाही, हा नियम. ज्याला खरंच हवं तो आपल्या पायांनी येईल. मी चेष्टा करायचे की तुम्ही विश्वास हप्त्याहप्त्याने वाटता. पण खोटं कशाला बोलू, त्या हप्त्यांनी मंडळीतली कितीतरी माणसं टिकली. पाळकसाहेबसुद्धा अडले की आमच्या दुकानात येऊन बसायचे.

आणखी एक खोड होती. समोरच्याचं म्हणणं आपल्याला त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, नाहीतर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये, असं म्हणायचे. म्हणून ह्यांना तीच पुस्तकं आवडायची ज्यांत लेखक आधी विरोधकाची बाजू पुरी ताकदीने मांडतो, काही हातचं राखत नाही, आणि मग सावकाश एकेक गाठ सोडवतो. लेकीलाही हेच शिकवलं. लहान असताना ती जेवताना म्हणाली, "देव आहे." तर तिला हे म्हणाले, "तुला पटलंय म्हणून म्हणतेस की मी खूश होईन म्हणून? पटलं नसेल ते कधी बोलू नकोस, माझ्यासमोरसुद्धा नको." पोर घास तोंडात धरून बसली. बाप आहे का वकील, असं झालं मला.

तर ही आमची एकुलती एक लेक. दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. लग्न झालं, पलीकडच्या वस्तीत घर केलं, मुलगा झाला. नातू म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. दुकानातल्या कात्र्या, सुया सगळ्या वरच्या फळीवर गेल्या आणि दाभणाच्या जागी लाकडी घोडा आला. चार वर्षांचा होता तेव्हा त्याला ताप यायला लागला. अंगावर निळे डाग. रक्त काढलं, आणि ते तपासायला आलं ते हिच्याच टेबलावर. दुसरं कोणी तपासेल म्हणून थांबली नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि आपल्या पोराला काय झालंय ते सगळ्यांच्या आधी तिनेच पाहिलं. पुढचं मी सांगत नाही. मला सांगवत नाही. त्याला पुरलं तेव्हा पेटी एवढीशी होती की जावयाने एकट्यानेच उचलली.

लेक चर्चला यायची थांबली. एकदा दुकानात येऊन उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "बाबा, लोकांना सांगता ना, मग मला सांगा. का?"

मी ह्यांना खुणेने म्हटलं, काही बोलू नका, नुसतं जवळ घ्या तिला. पण तिने प्रश्न विचारला होता ना! प्रश्न विचारणाऱ्याला काय द्यायचं ते ह्यांना एकच ठाऊक. आत गेले, दुःखाविषयीचं पुस्तक काढलं, त्यांच्या मते सगळ्यांत प्रामाणिक, आणि पहिला फर्मा तिच्या हातात ठेवला. ती वाचून आली, दुसरा घेऊन गेली. मग तिसरा. आणि मग आलीच नाही.

आता ते पुस्तक कसं, तर पहिल्या तीन फर्म्यांत सगळी विरोधकाची बाजू. निरपराध लेकरू तडफडून मरतं आणि वर कोणी ऐकत नाही, हे इतकं उघडंवाघडं लिहिलेलं की माझ्याने पानभरही वाचवलं नाही. उत्तराला सुरुवात चौथ्यापासून. मी डोकं आपटून घेतलं. "अहो, तिला निम्म्यात सोडलंत तुम्ही! उठा, जा, बाकीचं देऊन या." हे म्हणाले, "ती येईल. नियम तिच्यासाठी मोडला तर तिला वाटेल, बाबा मला बिचारी समजतात." वाट बघत बसले. दाराशी पाऊल वाजलं की मान वर व्हायची. असा अख्खा उन्हाळा गेला. माणसाने नियम करावेत, पण पोटच्या पोरीसाठीही मोडू नयेत? मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

शेवटी त्यांचाही धीर सुटला. उरलेले सगळे फर्मे शिवले, निळ्या कापडात बांधले, आणि आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं. पुस्तकाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"बाबा, तो गेल्यापासून सगळे मला समजावत होते," ती म्हणाली. "देवाची इच्छा, चांगल्या ठिकाणी आहे, पुन्हा भेटेल. माझ्या मनात काय चाललंय ते फक्त त्या तीन फर्म्यांत होतं. ते वाचलं आणि त्या दिवशी मला झोप लागली. तेवढं मला पटलं. पुढचं नको."

"पण बाळ, पुढे उत्तर आहे."

"चांगलंच असेल. तुम्ही निवडलंय ना. पण मला आता विचारायचंच नाहीये काही."

घरी आल्यावर हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, ती विश्वासाबाहेर मेली तर तिला पोर भेटायचं नाही. तिकडेही नाही. आणि मी केलंय हे." मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका. पण त्यांचा तसा ठाम विश्वास होता, आणि त्याच्यावरचं उत्तर काही त्यांना कपाटात सापडेना. टेबल मांडणं सोडलं. कोणी काही विचारायला आलं की पाळकसाहेबांकडे पाठवायचे. पुढच्याच हिवाळ्यात हृदयाने दगा दिला.

लेक काम करायची त्याच दवाखान्यात ठेवलं. सकाळचं काम आटोपून ती वॉर्डात येऊन बसायची, त्यांचे पाय चेपायची. धर्माचा विषय दोघांत निघायचा नाही. त्या दुपारी त्यांना धाप लागली होती, डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगून गेले होते. हे लेकीचा हात धरून तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "पोर आहे ना गं तिथे?"

आयुष्यभर लोकांना समजावलेला माणूस हा! आणि विचारतोय कोणाला, तर जिचा विश्वास उडाला तिला. मी डोळ्यांनी लेकीला विनवत होते. हो म्हण गं. मेलं एक अक्षर तर म्हणायचंय! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण तिने मान हलवली आणि म्हणाली, "मला माहीत नाही, बाबा."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"आहे!" मी ओरडले. बाजूच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "तिथंच आहे तो. तुमची वाट बघतोय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत धर्माच्या बाबतीत ह्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, जेवण झालं का एवढंच विचारायचे.

"कशावरून?" ते म्हणाले.

"मी सांगतेय म्हणून!"

ते बघतच राहिले माझ्याकडे. ते त्यांना पुरलं की नाही, मला कळलं नाही. पुन्हा ते बोलले नाहीत. नर्स येऊन डोळे मिटवून गेली तरी लेकीने त्यांचा हात सोडला नव्हता. ती आता माझ्याकडे बघत होती. आता हीदेखील तेच ‘कशावरून?’ विचारणार, या धास्तीने मी तिच्याकडे वर मान करून पाहिलंच नाही.