दादाच्या हातातली दोरी

दुपारचं जेवण जड झालंय. पंख्याच्या घरघरीत डोळे मिटतायत. संध्याकाळी मला वेकबोर्डवरून, बोटीमागे दोरी धरून घसरायच्या फळीवरून, उडी मारायची आहे, दादा गेल्यानंतरची पहिलीच, आणि म्हणून आई सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

डोळे मिटतात न मिटतात तोच खाटेखाली खाडीचं पाणी लागतं. मी फळीवर उभी आहे. पुढे बोट, आणि बोटीत चक्क माझ्याकडे तोंड करून रुपेशदादा बसलाय. दोरी बोटीला बांधलेली नाही, त्याने हातात धरली आहे.

"हेल्मेट खंय?" तो ओरडतो.

"तू मेलायस ना रे?"

"म्हणान तू घालूचा नाय?"

मला हसू येतं आणि रडूही.

पडताना दोरी सोडायची, हात छातीशी घ्यायचे, हनुवटी आत. पर्यटकांना तो हे रोज शिकवायचा, आणि ते चटकन शिकायचे. आम्हालाच जमत नसे. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्या घरातली पोरं आम्ही. जाळ्याची दोरी हातातून सुटली म्हणून लहानपणी मार खाल्लेला. त्या दिवशी उलटी उडी चुकली, तरी दादाची मूठ उघडली नाही. बोटीमागे फरफटत गेला आणि मान मोडली.

आता किनारा आहे. सगळी वाडी रापण ओढतेय. मी रेतीवर, फळीवर तशीच. दादा दोरीच्या पलीकडच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात.

"उडी मार. पडलंस की सोड."

"सोडली तर तू जाशील."

"मी गेलंय गो बाये. तू रव."

"खूप दुखलं का रे?"

"माका फक्त दोरी दिसत होती."

मी उडी घेते. फळीची कड पाण्यात अडकते, पाणी अंगावर येतं.

"हात पसरू नको!"

माझी बोटं उघडतात. दोरी त्याच्याकडे निघून जाते. काम संपल्यावर गुंडाळायचा तशी तो ती गुंडाळू लागतो. माझ्याकडे बघतही नाही.

धप्प!

मी खाटेवरून खाली पडलेय. हात छातीशी घट्ट, हनुवटी आत. आई धावत येते.

"खंय लागला गो?"

कोपरं, मनगटं, डोकं, ती सगळं चाचपून बघते. कुठेच काही नाही. फक्त तळहातावर दोरीचा लाल वळ उठलाय. ती त्यावरून अंगठा फिरवत राहते.

"दोरी सोडलंय मी, आये."

जन्मात पहिल्यांदा मला नीट पडता आलंय, आणि ज्याला ओरडून सांगायचं तोच नाही.