सगळ्या चांदण्या एकाच ताग्यातल्या

माझी आई हिंदमाताच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होती, मी शाळेत होतो तेव्हापासून. गिऱ्हाईक साडी पुढ्यात टाकायचं आणि ती मागे वळून रॅकमधून नेमका तागा ओढायची. मग साडीचा पदर आणि ब्लाउजपीसचा तागा घेऊन दोघी दुकानाच्या दारात, उजेडात. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, आणि ठरवण्याआधी पांढऱ्या कापडाकडे बघून डोळा निवू द्यायचा, हे तिचे दोन नियम.

गेल्या वर्षी तिने एका बाईंना गर्द निळ्या साडीवर काळा ब्लाउजपीस दिला. बाई शिवलेलं ब्लाउज घेऊन परत आल्या आणि भर दुकानात नको नको ते बोलल्या. तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर खूश झाले, कधी येताय म्हणून शेठचा फोनही येऊन गेला. पण आई काही जाईना. "माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाय उरला," म्हणायची आणि लालबागच्या आमच्या घरात तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून मी तिच्यावरच चिडचिड करायचो.

मी तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांचे, फोटो काढतो. लालबागच्या गच्चीवरून असले उद्योग करणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्याकडे हायड्रोजनचा फिल्टर असतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे. मेघातला हायड्रोजन जो ठरावीक तांबडा प्रकाश सोडतो तेवढाच हा फिल्टर आत घेतो. टॉवरचे दिवे, रस्त्यावरचे दिवे, सगळे बाहेर. मेघाची प्रत्येक सुरकुती मिळते, पण फोटो काळापांढरा. खऱ्या रंगासाठी अंधार लागतो. म्हणून जत्रेला गावी गेलो तेव्हा रंगीत कॅमेऱ्याने त्याच मेघाचे फोटो घेतले. मृग नक्षत्राच्या शेजारचा हा मेघ गुलाबाच्या फुलासारखा दिसतो आणि त्याच्या मधोमध चांदण्यांचा छोटा घोळका आहे. गावच्या फोटोत मेघ फिका आला, पण चांदण्यांचे रंग जसेच्या तसे आले. आता दोन्ही लॅपटॉपवर एकत्र करायचे. तपशील लालबागचा, रंग गावचा. ऐकायला सोपं आहे.

एका रविवारी सकाळी ते जमलं असं मला वाटलं. मेघ लालबुंद, पाकळ्या उठून दिसत होत्या. मी लगेच आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि अंगठे यायला लागले. आईला हाक मारली ती खरं म्हणजे तांदळाच्या ताटापासून उठवायला.

तिने आल्या आल्या ट्यूबलाइट बंद केली आणि खिडकी उघडली. माझा पांढरा रुमाल स्क्रीनशेजारी धरला, आधी त्याच्याकडे बघितलं, मग फोटोकडे.

"ह्या चांदण्या गुलाबी कशाला केल्यास रे?"

"मी नाही केल्या. असतात तशा."

"गावच्या फोटूत नव्हत्या. मधल्या घोळक्यात एक पिवळी होती, बाकीच्या निळसर पांढऱ्या. ह्यात सगळ्या एकाच ताग्यातल्या दिसतात."

गावचा फोटो मी तिला एकदाच, पडवीत बसून दाखवला होता. इकडे ग्रुपवर अंगठे येतच होते. मी म्हणालो, "आई, तुझ्या डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे तो. फोटोचा नाही."

तिने रुमालाची घडी करून ठेवली, ट्यूबलाइट परत लावली आणि स्वयंपाकघरात गेली. ताट ओढल्याचा आवाज आला.

मी गावचा फोटो उघडला तो तिला खोटं पाडायलाच. मोठा करून बघितला. पिवळी चांदणी होती. मी एकत्र केलेल्या फोटोत तीच चांदणी गुलाबी, शेजारच्याही गुलाबी, रंगांचे आकडे बघितले तर तांबडा सगळीकडे वर. मग ताऱ्यांची यादी काढली. तो तारा खरंच पिवळसर आहे. शिवाय तो त्या घोळक्यातला नाहीच, आपल्या बाजूला बराच अलीकडे आहे, नुसता त्यांच्यात उभा असल्यासारखा दिसतो. तीन हिवाळे मी ह्या मेघामागे होतो आणि मला तो कधी दिसला नव्हता. मला माझी लाज वाटली.

चूक साधी होती. पाकळ्या उठाव्यात म्हणून मी हायड्रोजनचा फोटो फार ताणला, म्हणजे उजळवला होता. त्यात चांदण्याही फुगल्या, आणि तो रंगीत फोटोच्या तांबड्यात मिसळल्यावर सगळ्यांवर तांबडा चढला. हायड्रोजनच्या फोटोतून आधी चांदण्या काढून टाकायच्या, त्यातला फक्त मेघ घ्यायचा आणि चांदण्या गावच्याच ठेवायच्या, हे मी दुसऱ्यांना ग्रुपवर शिकवत असतो.

स्वयंपाकघरात गेलो. "आई, चुकलं माझं. तुझा डोळा बरोबर आहे."

"मेघ पण उतरव जरा," ती मान वर न करता म्हणाली. "नुसता भडक झालाय."

मग ती शेजारी स्टूल घेऊन बसली आणि मी हायड्रोजन कमी करत गेलो. अजून. अजून. आता बास. जेवायला तीन वाजले.

संध्याकाळी प्रिंट काढायला दादरला गेलो. पहिली प्रिंट तिने दुकानाच्या दारात नेऊन रुमालाशेजारी धरली आणि परत केली. "लाल जास्त आहे."

"काकी, स्क्रीनवर बरोबर होता," प्रिंटवाला म्हणाला.

"भिंतीला काय स्क्रीन लावू? कागदावर बघ."

दुसरी प्रिंट तिला पसंत पडली. ग्रुपवर मी जुना फोटो काढून नवा टाकला. अंगठे कमी आले.

सोमवारी सकाळी ती साडी नेसून, पर्स घेऊन दाराशी उभी. हातात पुठ्ठ्यात बांधलेली प्रिंट.

"कुठे?"

"दुकानात. शेठनी बोलावलंय ना."

"आणि हा फोटो कशाला?"

"चुकले ते सगळ्यांसमोर," ती चपला घालत म्हणाली, "मग ही पिवळी पण सगळ्यांसमोरच दाखवते."