मागावरचं रशियन

रशियन भाषेत ‘आहे’ नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी एवढी हसत सुटले की पडवीत मांडीवर रेशमाच्या कोशाचं सूत काढत बसलेल्या आईने विचारलं, "काहून दात काढून राहिली?"

"आई, रशियात हे घर आहे असं म्हणतच नाहीत. एता दोम. हे घर. झालं वाक्य."

बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते. त्यांनी आडवं सूत नेणारा धोटा थांबवला. "मंग ते घर हाये का नाई?"

"हाये बाबा. फक्त म्हनाचं नाई."

"बरं हाये. तेवढाच तोंडाले आराम," असं म्हणून ते पुन्हा विणायला लागले.

मी तेव्हा अकरावीत होते. आंधळगावात आमचं घर कोशाच्या साड्या विणणारं. रशियनचा आणि आमचा काडीचा संबंध नव्हता. पण भंडाऱ्याच्या बस स्टँडजवळ पुस्तकांची एक गाडी उभी राहायची, तिथे रशियन शिकवणारं, रशियात छापलेलं, जाड गुळगुळीत कागदाचं पुस्तक मला चिवड्याच्या पुड्याच्या भावात मिळालं. वास इतका छान होता की मी आधी ते हुंगलं आणि मग उघडलं. त्यानंतर मला जे वेड लागलं ते काही केल्या उतरेना.

पहिल्या धड्यात एकच वाक्य होतं. या चितायु क्नीगू. मी पुस्तक वाचते. ‘या’ म्हणजे मी. पुस्तकाला म्हणतात क्नीगा, पण कोणी ते वाचायला घेतलं की त्याचं क्नीगू होतं. आपण शब्दामागे ‘ला’ किंवा आमच्या बोलीत ‘ले’ लावतो, ते शेवटचा आ काढून ऊ लावतात. चितायुच्या शेवटच्या यु मध्ये ‘मी’ आधीच येऊन बसलेला. आणि शब्द कसेही फिरवा, क्नीगू चितायु या म्हणा, कोणी कोणाला वाचलं यात घोळ होत नाही. शाळेत विभक्तीचं पान आलं की मी ते उलटून टाकायचे. इथे मात्र तांदूळ निवडता निवडता मी त्या गुणगुणत होते. आई म्हणायची, पोरगी कामातून गेली.

मग एक दिवस बाबा दुकानातून आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. आमच्या साड्या घेणाऱ्या दुकानदाराकडे गुरुवारी रशियन पाहुणे येणार होते. पूर्वेकडे मोठ्या कारखान्यावर काम करणारे एक इंजिनियर आणि त्यांची बायको. बाबांनी दोन महिने खपून विणलेली करवतकाठी साडी त्यांना दाखवायची होती, आणि घड्या उलगडायला बाबांनी यायचं होतं.

"तो म्हनन, हमारा माल हाये," बाबा म्हणाले. "नेहमीच म्हनते. वीस वर्सं झाले, नेसनाऱ्या एका तरी बाईले मालूम पडलं का, हे मी इनलं मनून? एक डाव मले सांगाचं हाये. माह्या तोंडानं. तू शिकव."

माझ्या अंगात वारं शिरलं. रात्रंदिवस तेच. विणणे हा शब्द पुस्तकात नव्हता, म्हणून करणे घेतला. साडीही नव्हती, तिला सारीच ठेवलं. एता सारी द्येलाल या. ही साडी केली मी. ‘या’ मुद्दाम शेवटी टाकला, म्हणजे जोर त्याच्यावर पडेल. बाई असेल तर द्येलाला, आणि सगळ्यांनी मिळून केलं असेल तर द्येलाली, हेही मी उत्साहाने सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "मले माह्यापुरतं दे."

कामाचा खोळंबा नको म्हणून शिकवणी मागावरच झाली. उजवा पाय दाबला की एता. धोटा फेकला की सारी. सूत घट्ट बसवणारी फणी ठोकली की द्येलाल. डावा पाय दाबला की या. चार दिवसांत बाबांच्या तोंडात वाक्य असं बसलं की शेजारचे विचारायला आले, कोणता मंत्र म्हणून राहिले.

गुरुवारी मीही बाबांसोबत दुकानात गेले. पाहुणे आले. बाबांनी साडी उलगडली. त्या बाईंनी काठावर बोट ठेवलं आणि बघतच राहिल्या. दुकानदार म्हणाला, "हमारा माल है मेमसाब, खास हमारा." मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाई घडी घालायला लागल्या. मीच बोलून टाकणार होते, पण ‘माह्या तोंडानं’ हे आठवलं.

तेव्हा लक्षात आलं, चूक माझीच होती. हातपाय हलल्याशिवाय त्यांना वाक्य येणार कुठून?

"बाबा," मी हळूच म्हटलं, "ओट्यावर बसा. पाय खाली सोडा."

ते बसले. दुकानदार डोळे वटारून पाहत राहिला. बाबांनी उजवा पाय हवेत दाबला. एता. हाताने नसलेला धोटा फेकला. सारी. नसलेली फणी छातीकडे ओढली. द्येलाल. मग डावा पाय दाबून ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "या."

बाईंनी साडीकडे पाहिलं, बाबांच्या हातांकडे पाहिलं, आणि घडी टाकून ते दोन्ही हात धरले. मग त्या भराभर खूप काही बोलल्या. त्यातलं मला फक्त स्पासीबा कळलं, म्हणजे धन्यवाद. माझं रशियन तिथेच संपलं होतं. "काय म्हणून राहिला हा?" दुकानदाराने मला विचारलं. मी म्हटलं, "काई नाई, रामराम केला."

घरापर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत आलो. बाबांनी पडवीत पाय सोडून आईला सगळा प्रकार तीनदा करून दाखवला. आई मांडीवर सूत वळत ऐकत होती. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "चांगलं झालं. सूत कोनं काढलं, हे इचारलं नाई का तिनं?"

बाबांचं हसू थांबलं. ते पाणी प्यायले आणि लवकर झोपले.

सकाळी मागावर बसल्या बसल्या त्यांनी मला हाक मारली. "पोरी, ‘आमी’ म्हनाले काय हाये?"

"म्वी. पण मग द्येलाल चालत नाही, द्येलाली होते."

"होऊ दे."

एक अक्षर वाढलं म्हणून दोनदा त्यांची लय चुकली, धोटाही खाली पडला. तिसऱ्यांदा जमलं. पाय, एता. धोटा, सारी. फणी, द्येलाली. आणि तिथे बाबा थांबले, डावा पाय तसाच ठेवून पडवीकडे पाहत राहिले.

आईने कोशावरची नजर उचललीसुद्धा नाही. "म्वी," ती म्हणाली, आणि बाबांनी पाय दाबला.