व्याह्यांना भाजून घातलेली कोळंबी

अहो, तो विडा आधी चावून संपवा. ऐकताना ठसका लागला तर मला बोल नको! स्वतःची फजिती स्वतःच्या हातानं इतकी खरपूस भाजणारा शिलेदार साऱ्या पुण्यात मीच एक.

झालं काय, आमच्या सगुणेला कोकणातल्या एका खोतांच्या घरचं स्थळ सांगून आलं. माणसं भली, घर खाऊनपिऊन सुखी. आमच्या घरातून तर देव पाण्यात ठेवलेले. आणि खोत स्वतः बोलणी करायला येणार!

"बकरं कापू, भाकऱ्या करू," बायको म्हणाली.

"छे! दर्याकाठचा माणूस आहे तो. नदीकाठी मळ्यात बैठक घालू, आणि जेवणाआधी तोंडात टाकायला निखाऱ्यावरची कोळंबी!"

"अहो, तुम्ही कधी भाजलीय का?"

"अगं, उभा जन्म छावणीत गेला माझा! बंदुकीच्या गजावर बकऱ्याचे तुकडे ओवून..."

"मी कोळंबीचं विचारतेय."

आता बायका असे प्रश्न विचारायला लागल्या, तर शिलेदारानं जगायचं कसं?

भोयांनी नदीतून वीत वीत लांबीची कोळंबी आणून दिली. मीठ, हळद, लसूण, तिखट लावलं, बंदुकीचे दोन गज घासूनपुसून त्यावर ओवली आणि निखाऱ्यावर धरली. पलीकडे आंब्याखाली जाजमावर खोत लोडाला टेकून बसले होते. सगुणा आणि तिची आई कनातीच्या आड.

आणि काय सांगू! चांगली निळसर करडी कोळंबी बघता बघता लाल झाली. लालभडक!

छावणीतला नियम काय? लाल म्हणजे कच्चं. लाली गेली की उतरव. पण बकरा आधी लाल असतो आणि मग काळपट होतो, ही बया उलटीच निघाली! म्हटलं, आतलं रक्त वर आलं असणार. वारा घाला!

तिकडून खोतांनी मान उंच केली. "शिलेदार, लाल दिसतेय हो!"

मेलो! पाहुण्यानं कच्चेपणा हेरला. "हो हो, दिसतंय मला," मी ओशाळून म्हणालो. "थोडा दम धरा."

"अहो, लाल झाली म्हणूनच म्हणतो. आणा इकडे!"

"खोत, पुण्यात पाहुण्याला कच्चं वाढत नाहीत!"

खोत पुन्हा लोडाला टेकले. मुलाचा बाप असला तरी परक्याच्या चुलीत नाक कसं खुपसणार? पुण्याची रीत असेल, असं मनाशी म्हणाले असतील बिचारे.

मी आणखी निखारे ओढले. लाली जाईना, उलट कोळंबी आखडायला लागली. वितीची बोटाएवढी झाली. सुकतेय म्हणून वरून तुपाची धार सोडली, तर असा भडका उडाला की माझ्या मिशीचं डावं टोक गेलं! कनातीआडून आवाज आला, "अहो, एक चाखून तरी बघा!"

पण पाहुण्याआधी यजमानानं तोंडात घास घालायचा? आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नव्हता!

शेवटी लाली गेली. सगळी गेली. काळी कुळकुळीत कोळंबी पत्रावळीवर घालून मी ती खोतांपुढे अभिमानानं ठेवली. एका बाजूची मिशी पिळायला गेलो तर ती जागेवर नव्हती, म्हणून दुसरी पिळली.

खोतांनी एक उचलून तोंडात टाकली. कडाड्‌!

त्यांचा जबडा थांबला. डोळे मोठे झाले. मग हळूच तोंड पुसून ते म्हणाले, "शिलेदार, लग्नाआधी मुलाच्या बापाचे दात तपासायची रीत आहे वाटतं पुण्यात?"

मी घाईनं एक तोंडात घातली. कोळसा हो, निव्वळ कोळसा! कनातीआड बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. गेलं स्थळ! पोरीचं बरं व्हायची वेळ आली आणि बापानं तिची राख केली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं नव्हतं.

इतक्यात सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली. खोतांनी चूळ भरली आणि गंभीरपणे विचारलं, "मुली, रांधायला कुणी शिकवलं तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "आईनं."

"बापानं काही?"

"काहीच नाही हो!" पोरगी इतक्या घाईनं म्हणाली की खोत मांडी थोपटून हसायला लागले. "मग काढा मुहूर्त!"

पोरगी आता कोकणात सुखात नांदतेय. व्याही दर वर्षी आठवणीनं सुक्या सोड्यांचं गाठोडं पाठवतात. त्यांचा गडी दारात उभा राहून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा निरोप देतो, "खोतांनी सांगितलंय, कोळंबी वाळवूनच पाठवलीय, शिलेदारांनी आता आणखी कष्ट घेऊ नयेत!"