पहिल्या खोलीतले रिकामे चौकोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, निवृत्तीच्या दिवशी हार घालून माझं कौतुक करणाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? आज बाजारात जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसवेना — एवढंच.

सालेकशाकडच्या एका निवासी शाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. शिस्तीची, जिभेनं तिखट. आणि माझ्या हजेरीच्या वहीचा मला भारी गर्व. खाडाखोड नाही, एक चौकोन रिकामा नाही. तपासणीला आलेले साहेब माझीच वही इतरांना दाखवायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी एका औषध कंपनीचे गृहस्थ आले. विषाणूंना मारणारे, अंगातली ताकद वाढवणारे थेंब आहेत म्हणाले. सर्दी, खोकला, ताप जवळ फिरकत नाही. पहिल्या खोलीतल्या मुलींना तीन महिने थेंब द्यायचे, दुसरीतल्यांना नाही. रोज वहीत मांडायचं — बरी असेल तिला टिक, आजारी असेल तिला फुली. यातून पुरावा तयार होईल, म्हणाले. मला तो शब्द फार आवडला.

आता ऐका. पहिल्या खोलीत मोठ्या मुली होत्या, दुसऱ्या खोलीत पहिली-दुसरीच्या वर्गातल्या चिमण्या. लहानग्यांची नाकं बारा महिने वाहतात, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. बोलले नाही. पुढे होळीच्या सुमारास मोहफुलं पडू लागली आणि मोठ्या मुली फुलं वेचायला आपापल्या घरी गेल्या. पंधरा-वीस दिवस पहिल्या खोलीचे चौकोन ओस पडले. मग मी काय केलं? —

एका दुपारी बसून ते सगळे भरून टाकले. टिक, टिक, टिक. नाही, कुणी सांगितलं नव्हतं. त्या गृहस्थांनीही नाही. रिकामे बघवत नव्हते, म्हणून. ज्या मुली माझ्या डोळ्यांसमोरच नव्हत्या, त्या सगळ्या ठणठणीत! परत आल्यावर एकीला तरी विचारावं — घरी बरी होतीस ना गं? तेही नाही.

पहिली खोली जिंकली. चकचकीत पत्रक निघालं: निवासी शाळेत सिद्ध झालेलं औषध. मी ते पर्समध्ये घेऊन फिरायचे. आणि लाज याची वाटते, की पुढे मलाच ते खरं वाटू लागलं. स्वतःच भरलेल्या वहीवर माझा विश्वास बसला.

त्याच वर्षी पोळा झाल्यावर मंगरू शाळेत आला. त्याची लेक फुलवंता पहिल्या खोलीतली, आठवीतली. पोळ्याला घरी गेली ती तापानं पडली होती. "दवाखान्यात नेऊ काय जी?" त्यानं विचारलं. मी पत्रक दाखवलं, उरलेल्यातली एक बाटली त्याच्या हातात दिली. "पाच दिवस दे, उतरेल," म्हटलं. माझ्यावर भरवसा ठेवून तो परत गेला.

सहाव्या दिवशी तिला खाटेवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. कळलं तशी मी धावले. पोर शुद्धीवर नव्हती. हिवताप मेंदूत गेला होता. डॉक्टर मंगरूवर ओरडत होते, "इतके दिवस काऊन थांबून राहिला? कोनं सांगतलं तुले?" मंगरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी हातभर अंतरावर उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

"याच्या आधी आला होता असा ताप?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"आला होता जी. मोहफुलाच्या टायमाले. हुडहुडी भरे. मंग आपसूकच उतरला."

मोहफुलांचे दिवस! ते दिवस माझ्या वहीत होते. फुलवंताच्या नावापुढे — टिक, टिक, टिक. थेंब घेऊन गेलेली पोर घरी तापानं कुडकुडत होती, आणि तिच्याच खोट्या टिकांवर मी औषध खरं ठरवलं. तेच औषध तिला देऊन पाच दिवस घालवले. त्या वेळी नुसतं विचारलं असतं, तर तिचं रक्त तेव्हाच तपासलं गेलं असतं.

फुलवंता वाचली. डावा पाय मात्र ओढत चालते. शाळा सुटली. कंपनीला मी काही कळवलं नाही. वही ट्रंकेत घातली, ती अजून तिथेच आहे.

आज बाजारात भेटली. कडेवर लेक. तोल सावरत वाकून पाया पडली. "बाई, बाबा अजूनबी सांगते, दवाखान्यात पोचेपर्यंत तुमच्या थेंबानंच मले धरून ठेवलं." मग लेकीच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "इले कालपासून ताप हाय. तेच देऊन राहिली मी."

पिशवीत बाटली होती. त्याच थेंबांची.

"दवाखान्यात चल, आत्ताच," मी ओरडले. ती दचकली. "काऊन जी?" — किती साधा प्रश्न! "चल म्हटलं ना," एवढंच मी म्हणाले. गेलो. रक्त घेतलं. लेकीला गोळ्या दिल्या. दोन तास मी तिच्या शेजारी बाकावर बसले होते, आणि त्या दोन तासांत मी तिला काहीही सांगितलं नाही.

निघताना फुलवंतानं बाटलीचं झाकण घट्ट केलं, पदरानं पुसली आणि गोळ्यांच्या वर जपून ठेवली.