दोन लवंगा आणि एक गोळी

"जठरात अल्सर झालाय. त्यातून रक्त जातंय," नळीनं पोट आतून बघतात त्या एन्डोस्कोपीच्या खोलीतून बाहेर येत डॉक्टर म्हणाले. अल्सर म्हणजे आतल्या अस्तराला पडलेली जखम. मग त्यांनी विचारलं, "गुडघ्याच्या गोळ्या आईंना कोण देत होतं?"

मीच देत होते. पण मी फरशीकडे बघत राहिले. शेजारी बसलेल्या मोठ्या काकू म्हणाल्या, "मेडिकलातनं आणायच्या त्या."

बेंबळी गावात आमच्या गल्लीतल्या बायका गोळ्यांची पाकिटं माझ्याकडे आणतात, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. मी वाचून सांगते आणि गप्प बसते. आईच्या पाकिटावर डायक्लोफिनॅक लिहिलेलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी ती दुखणं थांबवणारी गोळी पाच दिवसांसाठी दिली होती, जेवणानंतर. आराम पडला म्हणून आम्ही तीच चिठ्ठी दाखवून दोन महिने आणत राहिलो.

त्यात नवरात्र आलं. आई दरवर्षी लवंगांवर उपवास धरते. सकाळी एक लवंग, संध्याकाळी एक, बाकी फक्त पाणी. तिसऱ्या माळेला घटापाशी बसून उठताना तिचा गुडघा भरून आला. तिनं गोळी मागितली.

"उपाशीपोटी नको घेऊ," मी हळूच म्हणाले.

"उपाशी कुठं? लवंग खाल्ली की तिनं!" काकू म्हणाल्या. "लई शिकलेली आमची पोरगी!" आरतीला जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी गोळी काढून दिली. त्या दिवसापासून एकीच्या दोन झाल्या.

सातव्या माळेला आरतीच्या वेळी आई भोवळ येऊन पडली. धाराशिवच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये तिनं माझ्या कानात सांगितलं, दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय. "देवाच्या दिवसांत असलं काय सांगत बसायचं गं?"

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं एक गुडघा आणि एक पोट काढलं. शरीर स्वतःच काही रासायनिक निरोपे तयार करतं, ते म्हणाले. त्यातला एक प्रोस्टाग्लँडिन. गुडघ्यात तो सूज आणि दुखणं वाढवतो. जठरात मात्र तोच आम्लापासून अस्तर जपतो. "गोळी त्याचं तयार होणंच कमी करते, सगळ्या अंगात. तिला गुडघा वेगळा आणि पोट वेगळं कळत नाही."

"म्हणजे उपवासानं झालं?" काकूंनी विचारलं.

"उपवासानं भर पडली असेल. पण जेवून घेतली तरी ही गोळी अशी मनानं महिनोन्महिने घ्यायची नसते. नेमक्या किती घेतल्या, ते मला कळलं पाहिजे."

आत आईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मी म्हणाले, "मी देत होते. दोन महिने रोज एक. शेवटचे पाच दिवस दोन."

मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी फक्त लिहून घेतलं.

आईला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. आम्ल कमी करणारी इंजेक्शनं चालू झाली. बाहेरच्या बाकावर बसून मी तिसऱ्या माळेचा तो हशा पुन्हापुन्हा ऐकत होते. गोळी घातक आहे हे मला पूर्ण माहीत नव्हतं. पण देऊ नये एवढं माहीत होतं. चारचौघींत मोठ्यानं बोलायची लाज आईच्या जिवापेक्षा जड झाली होती.

नवव्या माळेला आईनं डोळे उघडून विचारलं, "सलाईननं उपास मोडला का गं?"

"मोडला," मी म्हणाले. "आता डॉक्टर हो म्हणाले की पेज प्यायची."

ती भिंतीकडं तोंड करून रडली. मी तिचा हात सोडला नाही.

आई आता घरी आहे. ती गोळी कायमची बंद झाली. शेक, मलम आणि शिकवलेला व्यायाम चालू आहे, तरी गुडघा अजून दुखतोच. तो दुखला की ती माझ्याकडे बघते आणि मला नाही म्हणावं लागतं. तुमच्या घरी असं पाकीट असेल, तर किती दिवस चाललंय ते डॉक्टरांना सांगा. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर आत रक्त जात असू शकतं; लाजू नका, थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

परवा काकू स्वतःच्या कंबरेच्या गोळ्या घेऊन आल्या. ओसरीवर चार बायका होत्या. "वाच गं जरा."

मी पाकीट हातात घेतलं नाही. "आधी सांगा काकू, किती दिवस घेताय?" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

कुणी हसलं नाही. काकूंनी पदर सावरला आणि त्या माझ्यासमोर खाली बसल्या.